प्रकल्प तपासायला रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण ते ठरवणारा निकषांचा तक्ता, वापरावं का? निकष किती ठेवावेत?

वापरा. पण आयतं कुणाचं उचलू नका, आधी दोन वह्यांवर चालवून बघा.

सहावीला आकारिक (वर्षभराच्या कामाचं) आणि संकलित (सत्राच्या परीक्षेचं) मूल्यमापन ५०-५०, त्यामुळे प्रकल्पाचे १० गुण पण मोजावे लागतात. आमच्याकडे एका वर्षी विषय होता 'गावातलं पाणी'. रुब्रिक केलं होतं सोबतच्या मॅडमनी. सजावट, अक्षर, चित्रं, माहिती, वेळेत देणं, प्रत्येकी २. एका मुलीने पाठकोऱ्या कागदांची दोऱ्याने शिवलेली वही आणली. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडायची आणि पाणी किती हात खाली गेलं ते लिहायचं, एवढंच. एका रविवारची जागा कोरी, पुढे लिहिलेलं 'मामाकडे गेले होते'. अंदाजाने आकडा टाकला असता तर कुणाला कळणार होतं? तक्त्याप्रमाणे तिला ४ मिळाले, कारण चित्र नाही, सजावट नाही आणि वही दोन दिवस उशिरा. सायबर कॅफेतून आणलेल्या फाईलला ९, तिच्यात एका पानावर दुसऱ्याच मुलाचं नाव होतं. आणि ते ४ मीच भरले, सही माझी आहे.

मॅडमचं म्हणणं, निकष सगळ्यांना सारखे मग अन्याय कसला. अहो, निकषच चुकीचा असेल तर तो सगळ्यांना सारखा लावून काय करायचंय?

पुढच्या वर्षीपासून माझे चारच निकष. स्वतः काय मोजलं ३, नोंदी किती दिवसांच्या ३, त्यावरून काय म्हणायचंय २, विचारल्यावर तोंडी सांगता येतं का २. शेवटच्यात बाबांनी केलेले प्रकल्प आपोआप गळतात. तक्त्यातल्या गुणांच्या पायऱ्यांमध्ये 'उत्तम', 'बरे' लिहू नका, 'चार आठवड्यांच्या नोंदी आहेत' असं लिहा आणि तक्ता मुलांना प्रकल्पाच्या आधी द्या, नंतर देऊन उपयोग शून्य.

हां, पट ५०-६० असेल तर तोंडीला दीड-दोन आठवडे जातात, मी परिपाठानंतर रोज पाच-सहा मुलं घेतो. निबंधाला हे निकष चालणार नाहीत, तिथे वेगळे करा. सजावटीची हौस असलेल्यांना कलेचे गुण आहेतच.

मॅडम अजून सांगतात की ते रुब्रिक प्रशिक्षणात दिलं होतं. त्याच प्रशिक्षणाला मी शेजारच्या खुर्चीत होतो, सजावटीचा स सुद्धा कुणी काढला नव्हता.