आईच्या डोळ्यातल्या लेन्ससाठी ठेव मोडावी का?

सांगलीहून एका ताईंनी विचारलं आहे: "आईचं वय 64, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दहा वर्षं शुगर आहे, गोळ्यांवर आटोक्यात. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. तिला तरुणपणापासून लांबचा चष्मा आहे, नंबर साधारण उणे अडीच. दवाखान्यात एका डोळ्याची तीन पॅकेजं सांगितली: भारतीय लेन्स 32 हजार, इम्पोर्टेड 52 हजार आणि चष्माच लागणार नाही अशी ट्रायफोकल 1 लाख 5 हजार. लेसरने करायचं तर डोळ्यामागे आणखी 25 हजार. आरोग्य संजीवनी पॉलिसी 3 लाखांची, तीन वर्षं न चुकता चालू. पोस्टात आईच्या नावावर ज्येष्ठ नागरिक योजनेत 6 लाख आहेत, तिसरं वर्ष सुरू आहे. ती ठेव मोडून ट्रायफोकलच घ्यावी, आईसाठी हात आखडता नको, असं आम्हा भावंडांना वाटतं. शनिवारपर्यंत कळवलं तर थोडी सूट देणार आहेत."

ताई, ठेव मोडू नका. आणि महागडी लेन्स घेतली नाही म्हणजे आईसाठी काही कमी केलं, असंही मनात आणू नका. तुमच्या आईच्या बाबतीत एक लाखाची लेन्स तिच्या कामाला स्वस्त लेन्सपेक्षा कमी उपयोगी पडण्याची शक्यता मला जास्त दिसते.

आधी आईचा दिवस कसा जातो ते बघू. उणे अडीच नंबरवाल्या माणसाला चष्मा काढला की हातभर अंतरावरचं स्वच्छ दिसतं. तुमच्या आई सुईत दोरा ओवताना चष्मा कपाळावर सरकवत असणार, हुक-काजं करताना बाजूला काढून ठेवत असणार. ही सवय चाळीसएक वर्षांची आहे. साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर नेम धरते, आणि बहुतेक ठिकाणी न विचारता तो नेम लांबचा धरला जातो. मग ऑपरेशननंतर रस्त्यावरच्या पाट्या छान दिसतात, पण जे काम त्या आजवर बिनचष्म्याने करत होत्या त्यालाच चष्मा लागतो. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे फार जड जातं.

यावर उपाय आहे आणि त्याला जादा पैसे पडत नाहीत. लेन्सचा नंबर डोळा मोजून ठरवतात. तो मोजतानाच डॉक्टरांना सांगा की आईला जवळचं बिनचष्म्याने दिसायला हवं, लांबचा चष्मा लावायची तिला सवय आहे. उणे दोनचा नेम धरला तर 50 सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतं, उणे अडीचला 40 सेंटिमीटरवर. मशीनवर बसल्यावर आईचे डोळे सुईपासून किती लांब असतात ते घरी टेपने मोजा आणि तो आकडा घेऊन जा. टेप तुमच्या घरात आहेच. यात आणखी एक सोय आहे. दुसरा डोळा अजून उणे अडीचच्या आसपासच असणार, त्यामुळे दोन ऑपरेशनांच्या मधल्या काळात दोन डोळ्यांत मोठी तफावत पडून चक्कर आल्यासारखं होत नाही.

ट्रायफोकल वाईट लेन्स नाही. डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) निरोगी, चष्म्याचा मनापासून कंटाळा आणि पैसा मोकळा असेल तर कित्येक जण तिच्यावर खूश असतात. पण ही लेन्स डोळ्यात येणारा प्रकाश लांब, मधलं आणि जवळ अशा अंतरांत वाटून टाकते. त्यामुळे रंगछटांमधला फरक थोडा पुसट होतो, रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने हेम घालणाऱ्या बाईला नेमका तोच फरक दिसायला हवा असतो. त्यात दहा वर्षांची शुगर. पडद्यावर मधुमेहाचे बदल असतील किंवा पुढे झाले, तर अशी लेन्स गैरसोयीची ठरते. म्हणून कुठलीही लेन्स ठरवण्याआधी पडद्याची तपासणी, शक्यतो ओसीटीसह (पडद्याच्या थरांचा स्कॅन), करून घ्या. ती करताना पैसे वाचवू नका.

आता हिशोब. आरोग्य संजीवनीत मोतीबिंदूला 24 महिन्यांची प्रतीक्षा असते, ती तुमची संपली आहे. एका डोळ्याला विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40 हजार, यांतलं जे कमी ते मिळतं. तुमच्या 3 लाखांचे 25 टक्के 75 हजार होतात, म्हणजे मर्यादा 40 हजारांची. शिवाय मंजूर रकमेतले 5 टक्के आपण भरायचे. 32 हजारांच्या पॅकेजला तुमच्या खिशातून 1,600 जातील, दोन्ही डोळ्यांचे 3,200. इम्पोर्टेडला कंपनी जास्तीत जास्त 38 हजार देईल, तुमच्यावर 14 हजार, दोन्हींचे 28 हजार. ट्रायफोकलला डोळ्यामागे 67 हजार, म्हणजे 1 लाख 34 हजार, आणि लेसर घेतलं तर 1 लाख 84 हजार. लेसरबद्दल माझं मत सरळ आहे: सोडून द्या. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या नेहमीच्या फेको शस्त्रक्रियेपेक्षा त्याने दृष्टीत वेगळा फायदा दिसलेला नाही.

आणि हे पैसे येणार कुठून? ज्येष्ठ नागरिक योजनेतून हवे तेवढेच काढता येत नाहीत, खातं पूर्ण बंद करावं लागतं. दोन वर्षं झाल्यावर बंद केलं तर ठेवीच्या 1 टक्का, म्हणजे 6 हजार कापले जातील. 8.2 टक्क्यांनी आईला दर तिमाहीला 12,300 रुपये येतात. शिलाईशिवाय तिच्या हक्काचं, कुणापुढे हात न पसरता मिळणारं हे उत्पन्न आहे. त्यातून 1 लाख 40 ते 1 लाख 90 हजार कायमचे गेले तर उरलेल्यावर व्याजही तेवढंच कमी येणार. हे मला अजिबात पटत नाही.

"इम्पोर्टेड" या शब्दालाही फार भुलू नका. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने 1992 पासून लेन्स बनवायला घेतल्या आणि भारतीय लेन्स कितीतरी देशांत वापरल्या जातात. देशापेक्षा लेन्सचा पदार्थ विचारा. हायड्रोफोबिक अॅक्रिलिक, चौकोनी कडेच्या लेन्समागच्या पातळ आवरणावर पुन्हा जाळी धरण्याचं प्रमाण कमी असतं. 32 हजारांची लेन्स तशी नसेल, तर 40 हजारांच्या आत बसणारी भारतीय हायड्रोफोबिक लेन्स द्या म्हणा. मी तुमच्या जागी असतो तर हीच घेतली असती.

एका ठिकाणी मात्र मी जास्त पैसे घालेन. तपासणीत बुबुळाचा सिलिंडर नंबर मोठा, दीड किंवा त्याहून जास्त निघाला, तर तो नंबर दुरुस्त करणाऱ्या टोरिक लेन्सबद्दल विचारा. तो नंबर तसाच राहिला तर बिनचष्म्याने जवळचंही धूसर दिसेल आणि वर सांगितलेल्या नेमाचा फायदा मिळणार नाही. दोन डोळ्यांचे मिळून 25-30 हजार जादा गेले तरी ते भावंडांनी वाटून घ्यावेत.

दवाखान्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात लेन्सचं नाव, मॉडेल आणि किंमत वेगळ्या ओळीत हवी. तेच टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) पाठवून कॅशलेसची पूर्वमंजुरी ऑपरेशनच्या आधी मिळवा. नंतर लेन्सच्या खोक्यावरचा नंबर असलेला स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवला आहे का ते बघा. तो क्लेमलाही लागतो आणि पुढे कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरांनाही.

शनिवारपर्यंतच्या सवलतीचं दडपण घेऊ नका, सूट दिली तरी वरचं गणित फारसं हलत नाही. मोतीबिंदू आठवड्याभरात बिघडणारा आजार नाही. उलट टोकाला जाऊन "पिकू दे मग बघू" असंही करू नका, फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो. दुसरं मत घ्या, शुगर ताब्यात आहे ना बघा, आणि एकच डोळा आधी करा. त्याने काम कसं जमतंय ते आईलाच विचारून दुसऱ्याचा नेम ठरवता येईल.

थेंब, फेऱ्या, महिन्याभराने लांबचा नवा चष्मा आणि मशीन बंद असताना बुडणारी शिलाई यांसाठी 15-20 हजार बाजूला काढा. लग्नसराईची कामं अंगावर घेण्याआधी दोन्ही डोळे उरकतील अशी तारीख मागा, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना आत्ताच सांगून ठेवा.