निफाडच्या थंडीत पक्षी गेले कुठे?

प्रश्न: दादा, सोसायटीतले आम्ही १४ जण जानेवारीत निफाडजवळच्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो होतो, पहाटे ४ ला उठून साडेसहाला मनोऱ्यावर हजर, थंडी अशी की बोटं वाकेनात आणि समोर नुसतं धुकं! आठपर्यंत थांबलो, चार काळी बदकं दिसली, मग सगळे म्हणाले चला मिसळ खाऊ. नवीन २० बाय ५० ची दुर्बीण होती त्यातपण सगळं हलत होतं. चुकलं काय? आणि मुलगी विचारते, बदकांचे पाय गारठत नाहीत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, मिसळीने घात केला बघा. २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर पाणथळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालेली जागा तुम्ही दीड तासात उरकलीत! निफाड म्हणजे आपला फ्रीजच, त्यात गोदावरी-कादवा मिळतात तिथलं उथळ पाणी, धुकं धरणारच. भल्या पहाटे गेलं तर जास्त पक्षी हे जंगलात ठीक आहे हो, पण बदकं बरीचशी रात्री चरतात आणि दिवसा चोच पंखात खुपसून पाण्यावरच डुलक्या काढतात, ती कुठे पळून जात नाहीत. धुकं उठून ऊन पडेपर्यंत थांबायचं, मग एखादा दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) गवतावरून फिरत येतो आणि थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक सगळे एकदम उठतात, तेव्हा कळतं समोर किती होते ते. तुमची काळी बदकं बहुतेक वारकरी नावाचे पक्षी असणार, कपाळावर पांढरा टिळा होता का? तो बदक नाहीच, पाणकोंबडीच्या कुळातला.

दुर्बीण २० पट मोठं दाखवते तशी हाताची थरथरपण २० पट, त्यात कुडकुडणारे हात. ती स्टँडला लावा, हातात धरायला ८ बाय ४२ बरी. आणि १४ जण एकदम मनोऱ्यावर नको, विंडचीटरची खसखससुद्धा ऐकू जाते.

मुलीला सांगा, गारठतात की! पण गोठत नाहीत. बदकाच्या पायात मांस जवळजवळ नसतंच, आणि खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताच्या अगदी शेजारून जातं, जाताजाता आपली ऊब त्याला देऊन टाकतं, म्हणून पाय गार राहिला तरी अंगातली ऊब पाण्यात फारशी जात नाही. फारच झालं तर एक पाय पोटाच्या पिसांत, दुसऱ्यावर उभं. पुढच्या वेळी काठावर असे एकपायी किती ते तिलाच मोजू दे.