कापसाच्या अनुदानासाठी हक्कसोड? सही करू नका

प्रश्न : दारव्हा तालुक्यात वडिलांची शेती आहे. ते २०१९ मध्ये वारले. सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावे आहेत. शेती भाऊ करतो. खरीप २०२३ च्या कापूस अनुदानासाठी बहिणीची सही लागते म्हणून त्याने स्टॅम्पपेपर पाठवला. त्यावर ‘हक्कसोडपत्र’ लिहिले आहे. नंतर दुय्यम निबंधक कार्यालयातही यावे लागेल म्हणतो. सही केली नाही तर पैसे परत जातील का?

उत्तर : ताई, या कागदावर सही करू नका. अनुदानाला बहिणीची सही लागते हे भावाचे म्हणणे खरे आहे. पण ती सही हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडून देण्याच्या कागदावर नव्हे.

खरीप २०२३ च्या या योजनेत हेक्टरी ५,००० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंतच ठरले होते. म्हणजे फार तर १०,००० रुपये. जमिनीचे खाते सामायिक, म्हणजे सातबाऱ्यावर अनेकांची नावे असतील तर रक्कम एकाच्या बँक खात्यात टाकायला बाकीच्यांची ना-हरकत लागते, सोबत पैसे घेणाऱ्याचे आधारची माहिती वापरण्याचे संमतीपत्र. हे कागद कृषी सहायकाकडे द्यायचे असतात. त्यासाठी जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या निबंधकाकडे जावे लागत नाही. तिथे तुम्हाला बोलावले जाते आहे, तेव्हा विषय अनुदानाचा राहिलेला नाही, जमिनीचा झाला आहे.

भावाच्या मनात पाप असेलच असे नाही. तालुक्याला कागद करून देणारे ‘एकदाच सगळं मोकळं करून टाका’ असा सल्ला सर्रास देतात. पण परिणाम तोच. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असली, तरी त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर तुम्ही वारस आहातच. नोंदणीकृत हक्कसोडपत्राने हा हिस्सा जातो. मग ‘मला अनुदानाचं सांगितलं होतं’ हे दिवाणी न्यायालयात तुम्हाला सिद्ध करावे लागेल, आणि त्यात वर्षे जातात.

नुसते नोटरी केलेले हक्कसोडपत्र चालते का, असे बरेच जण विचारतात. नोंदणीशिवाय त्याने मालकी जात नाही. तरीही सही नकोच. पुढे वाद झाला की तोच कागद ‘बहिणीने तेव्हाच सोडलं होतं’ म्हणून पुढे येतो.

भावाचे अनुदान मात्र अडवू नका, घाम त्याचा आहे. ना-हरकत द्या. त्यात गट क्रमांक, हंगाम आणि योजनेचे नाव घाला आणि हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहा : ‘ही संमती फक्त वरील अनुदानाची रक्कम माझ्या भावाच्या खात्यात जमा करण्यापुरती आहे. जमिनीतील माझा हिस्सा व हक्क कायम आहे.’ कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही नको. दिलेल्या कागदाची झेरॉक्स ठेवा.

सातबारा अधूनमधून ऑनलाइन पाहत राहा. तुमचे नाव कमी करण्याचा फेरफार टाकला गेला तर नोटिशीनंतर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर झालीच, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायला ६० दिवस मिळतात.