दुधावरून गाय गाभण आहे की नाही ते कळतं का?

प्रश्न : आमच्या गायीला दोनदा रेतन केलं, दोन्ही वेळा उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. माजही नीट दाखवत नाही. दुधातलं संप्रेरक मोजणारा बायोसेन्सर निघाल्याचं वाचलं. त्यावरून गाभण आहे की नाही ते समजेल का?

उत्तर : गाय गाभण नाही, हे तो खात्रीने सांगतो. गाभण आहे, हे मात्र तेवढ्या ठामपणे नाही.

मोजायचं ते प्रोजेस्टेरॉन. बीज सुटलं की त्या जागी अंडाशयावर पीतपिंड तयार होतो आणि हे संप्रेरक सोडू लागतो. दुधात ते मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्याही वर जातं. माजाच्या दिवशी पीतपिंड विरलेला असतो, त्यामुळे आकडा जेमतेम दोन-तीनवर येतो. बाहेरून लक्षणं न दिसणाऱ्या मुक्या माजातही हेच घडतं. तुमच्या गायीसाठी हीच मोलाची गोष्ट आहे.

बायोसेन्सरच्या पट्टीवर दूध टाकलंत तर एक उलटी गोष्ट दिसेल : संप्रेरक जास्त, तर रेघ फिकी. दुधातलं संप्रेरक पट्टीवरची प्रतिपिंडं (संप्रेरकाला पकडणारी प्रथिनं) आधीच अडवून बसतं, म्हणून रेघेला कमी उरतात. ठळक रेघ बघून गाय गाभण समजणारे मी पाहिलेत. नमुना दर वेळी धारेच्या एकाच टप्प्यावर घ्या. शेवटच्या धारांत स्निग्धांश जास्त, आणि हे संप्रेरक स्निग्धांशात मिसळतं, त्यामुळे आकडा फुगतो.

एक गाय दुसरीवर उडाली म्हणून मला रेतनाला बोलावलं होतं. ती स्वतः मात्र कुणाला उडू देत नव्हती. दूध तपासलं तर प्रोजेस्टेरॉन भरपूर. ती आधीच्याच रेतनाची गाभण निघाली. रेतनाची नळी गर्भाशयात गेली असती तर गर्भ पडण्याची भीती होती. तेव्हापासून शंका आली की मी आधी दूध बघते.

तुम्ही रेतनाच्या दिवशी एक नमुना तपासा. आकडा जास्त असेल तर रेतन करूच नका. दुसरा २१ ते २४ दिवसांनी. कमी आला तर गाय रिकामी. जास्त आला तरी गर्भाशयात पू असू शकतो किंवा माजाचं चक्र लांबलेलं असू शकतं, म्हणून महिन्यानंतर सोनोग्राफी कराच.

आणि दोन्ही वेळा ती किती दिवसांनी उलटली, ते कळवा. १८ ते २४ दिवस असतील तर रेतनाची वेळ आधी तपासू. महिन्याच्या पुढे गेली असेल, तर गर्भ राहून नंतर नष्ट झाला असावा. मग शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागेल.