पिल्लं होऊ द्यायचीत? मग आधी कॅलेंडर बघा

प्रश्न : ताई, आमची लॅब्रॅडॉर फीमेल १३ महिन्यांची आहे, फेब्रुवारीत हीटवर (माजावर) येईल असं वाटतंय. ओळखीतल्या एकाकडे मेल आहे, तो म्हणतो एकदा तरी पिल्लं होऊ द्या नाहीतर पुढे तिला गर्भाशयाचा त्रास होतो. आमची पहिलीच वेळ आहे, काय तयारी करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, आधी ती भीती मनातून काढा. एकदा व्याली म्हणून गर्भाशयात पू होण्याचा आजार टळत नाही, तो टळतो नसबंदीच्या ऑपरेशनने. पिल्लं नकोच असतील तर डॉक्टरांशी तेच बोला.

हवीच असतील तरी ही हीट जाऊ द्या. एकतर तिचं वय कमी आहे, ब्रीडिंगसाठीच्या २०१७ च्या केंद्राच्या नियमांतसुद्धा मादी किमान १८ महिन्यांची पाहिजे असं आहे. आणि दुसरं म्हणजे हिशोब करा ना, फेब्रुवारीत मेटिंग झालं की साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे एप्रिल-मे मध्ये पिल्लं. सोलापुरात तेव्हा पारा ४२ च्या वर, दुपारी लाईट गेली की आपणच घामाघूम, तिथं ती धापा टाकणारी आई पिल्लांजवळ बसणार तरी कशी? पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम-थंड राखता येत नाही, ती थंडीने जातात तशी उन्हानेही जातात. पुढची हीट ऑगस्टच्या आसपास येईल, मग पिल्लं ऑक्टोबरात, छान हवा असते.

तोवर दोघांचे हिपचे एक्सरे काढून घ्या (लॅब्रॅडॉरमध्ये कंबरेचा दोष पिल्लांत उतरतो), ब्रुसेला ह्या गर्भपात घडवणाऱ्या जंतूची टेस्ट करा, तो आजार माणसालाही होतो. व्हॅक्सिन, जंताचं औषध मेटिंगच्या आधीच पूर्ण करा. आणि लॅब्रॅडॉरला आठ-दहा पिल्लं सहज होतात, ती कोण नेणार हे आत्ताच विचारून ठेवा, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, म्हणजे दोन महिने सगळी घरातच.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, गाभण असताना मेडिकलमधून कॅल्शियमचं सिरप आणून पाजू नका. बाहेरून सतत मिळालं की शरीर हाडातलं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि मग दूध पाजायला लागल्यावर एकदम कमी पडतं, कुत्री थरथरते, पाय ताठ होतात, झटके येतात. असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठायचा. खाण्यात शेवटचे तीन आठवडे चांगलं पपी फूड थोडं थोडं वाढवत न्या, बास.

५५ दिवसांनंतर एक एक्सरे काढा, किती पिल्लं आहेत ते कळतं. शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा ताप मोजा, ९९ च्या खाली उतरला की बहुतेक २४ तासांत विणार. आपले टेरी टॉवेल धुऊन जवळ ठेवा, पिल्लू आलं आणि आईने चाटलं नाही तर तोंडावरची पिशवी काढून त्याच टॉवेलने रडेपर्यंत खसाखसा पुसायचं. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर थांबू नका.

प्रश्न : आमच्या कुत्रीची पिल्लं चार दिवसांची आहेत, एक फार बारीक आहे, बाकीची त्याला ढकलतात. कापसाने गाईचं दूध पाजतोय, चालेल का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : कापूस आजच बंद करा, दूध श्वासनळीत जातं. गाईच्या दुधात फॅट आणि प्रोटीन कुत्रीच्या दुधापेक्षा बरंच कमी असतं, पेट शॉपमध्ये पिल्लांची दूध पावडर मिळते ती आणा. पण पाजायच्या आधी पिल्लाचं अंग हाताला गार लागतंय का बघा, गार असेल तर आधी छातीशी धरून हळूहळू ऊब द्या, गार पोटात दूध पचत नाही. बाटली देताना बाळासारखं उताणं नाही, पोटावरच ठेवायचं. आईने चाटलं नाही तर ह्या वयात त्याला शी-शू होत नाही, म्हणून दर वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापडाने खालून हलकं पुसा. मोठ्या सडाला आधी त्यालाच लावा, बाकीच्यांना मिनिटभर बाजूला ठेवा. किचनच्या काट्यावर रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा, आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. एक दिवस जरी वजन वाढलं नाही तरी डॉक्टरकडे न्या, आणि आईलाही सोबत न्या, एखादं सड गरम, कडक झालं असेल तर खरी अडचण तिथंच असते.