आइसलँडसारख्या छोट्या देशाच्या वैज्ञानिक संशोधनाची इतर देशांशी तुलना कशी करावी?

शोधनिबंधांची एकूण संख्या पाहिली, तर सुमारे चार लाख लोकवस्तीचा आइसलँड अमेरिका किंवा चीनच्या जवळपासही येत नाही. मात्र लोकसंख्येच्या मानाने किती निबंध निघतात आणि इतर संशोधक त्यांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतात, हे पाहिले की तोच देश बराच वर सरकतो. ही दुसरी मोजणी मला अधिक न्याय्य वाटते, पण तीही डोळे झाकून स्वीकारू नये. शेकडो लेखकांच्या आंतरराष्ट्रीय निबंधात आइसलँडचा एकच संशोधक असला, तरी पूर्ण मोजणीत तो अख्खा निबंध त्या देशाच्या खात्यावर जमा होतो, आणि मुळात निबंध थोडे असल्याने असे मोजके निबंधही सरासरी फुगवतात. म्हणून लेखकांच्या प्रमाणात श्रेय विभागणारी अंशात्मक मोजणी सोबत ठेवावीच.

याचा अर्थ तिथले काम उसने आहे, असा मुळीच नाही. १९९६ मध्ये राजधानी रेक्याविकमध्ये स्थापन झालेल्या डीकोड जेनेटिक्स या जनुक-संशोधन कंपनीने जुन्या वंशावळ्या आणि दीड लाखांहून अधिक स्वयंसेवकांची जनुकीय माहिती एकत्र जोडली. तिथल्याच कार्बफिक्स प्रकल्पात पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले; आपले दख्खनचे पठारही बेसाल्टचेच असल्याने हे काम आपल्याही जिव्हाळ्याचे आहे.

त्यामुळे तुलना करायचीच असेल, तर ती लक्झेंबर्ग किंवा माल्टासारख्या तोलामोलाच्या देशांशी, विषयवार आणि अनेक वर्षांची सरासरी घेऊन करावी.