रजिस्टरवर सही करण्याआधी

चिरंजीव,

आशीर्वाद. डिप्लोमा झाल्या झाल्या बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला ट्रेनी म्हणून लागलास, चांगलं झालं. तिथे तुला येतं किती, यापेक्षा कुठला निर्णय कुणाचा हे तुला कळतं का, हे आधी बघतील.

हेल्परपासून सुरुवात कर. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, कुठे वाळू चिकटलेली असते, कुठे फिन, म्हणजे धातूची जादा कड, राहिलेली. फिक्स्चर म्हणजे जॉब (कापायचा भाग) पक्का धरणारी चौकट. तिच्या एका पॅडवर चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकली की जॉब तिरका बसतो. बोअर, म्हणजे आतलं भोक, मापात येतो, ते तपासायचा दांडा (प्लग गेज) सुळकन आत जातो, पण फेसशी, म्हणजे सपाट बाजूशी, काटकोन राहत नाही आणि बोंब होते ती थेट असेंब्लीत. म्हणून दर जॉबला पॅड पुसणं हेल्परचं आणि क्लँप करण्याआधी ते बघणं ऑपरेटरचं. ‘त्यानं पुसलं असेल’ चालत नाही.

आता ऑपरेटर. समज, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर २५ एच७ चा बोअर आहे, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आतच हवा. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत जाईल तसा बोअर लहान होत जातो. २५.००५ दिसलं की ऑफसेट द्यावा, म्हणजे मशीनमध्ये टूलच्या जागेचा आकडा थोडा बदलावा, २५.००० ला टेकेपर्यंत थांबू नये. पण ०.००८ च्या जागी ०.०८ टाइप झालं की जॉब भंगारात, कारण लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला नाही. म्हणून ०.०१ पर्यंतचा ऑफसेट ऑपरेटरचा, त्याच्यावर सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) हाक, असा नियम बरा. इन्सर्ट बदलला की पहिला जॉब इन्स्पेक्टरकडे. त्याचा होकार येईपर्यंत दुसरा लावायचा नाही. आणि गरम जॉब मोजू नकोस. गेजपेक्षा वीस अंशांनी गरम असलेला बिडाचा बोअर सुमारे ०.००५ नं मोठा दिसतो. टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचा, जवळजवळ पाव हिस्सा तिथेच गेला!

इन्स्पेक्टर ‘थांबवा’ म्हणाला की थांबायचं. डिस्पॅचची गाडी दारात उभी असली तरी.

सुपरवायझरकी म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे, बराचसा हिशोब असतो. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवण-चहाची ५० वजा केली की ४३०. सायकल चार मिनिटं आणि जॉब चढवा-उतरवायला एक, म्हणजे ८६ नग. त्यातही टूल बदलणं, मोजमाप, वीज जाणं धरून ८५ टक्के पकड, ७३ होतात. नवखा सुपरवायझर ४८० ला पाचनं भागून ९६ कबूल करतो, मग संध्याकाळी मोजमाप गाळून आकडा भरायला लागतो. दर दहावा जॉब तपासताना एक बाद निघाला, तर मागचा चांगला निघालेला जॉब शोधायचा आणि त्याच्या नंतरचे सगळे लाल ट्रेत, म्हणजे वेगळे काढून ठेवायचे. तो एकच बाजूला ठेवून पुढे जायचं नाही. हा निर्णय ऑपरेटरवर ढकलू नकोस. नग कमी भरल्याची बोलणी तो एकटा का खाईल?

मॅनेजरचं तुला एवढ्यात काम नाही. माल, माणसं आणि गिऱ्हाईकाला दिलेली तारीख त्यानं बघायची. तो स्वतः येऊन ऑफसेट बदलायला लागला, तर खालची एखादी पायरी ढिली आहे असं समज.

राहिलं पाळी बदलणं. तिथल्या फ्लोअरवर एकजण मराठीत लिहितो, पुढच्या पाळीचा कन्नड वाचतो. ‘बोअर जरा टाइट जातोय’ असं रजिस्टरात लिहून उपयोग नाही. मशीन नंबर, शेवटचं माप, इन्सर्टवर किती जॉब झाले, लाल ट्रेत किती, एवढे आकडे लिही. पंधरा मिनिटं आधी पोच, दोघांनी मिळून एक जॉब थंड करून मोजा, मगच सही कर.

तुझा,
काका